आपण नेमक्या कुठल्या रेषेवर?

प्रश्न: जगाचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सर्वांत वाईट परिदृश्यालाही (पुढे उत्सर्जन कसं जाईल याच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या शक्यतेलाही) मागे टाकतंय, असं पूर्वी वाचलं होतं. आता म्हणतात, ते परिदृश्य, आरसीपी ८.५ (आरसीपी हा अशा परिदृश्यांचा एक संच; आकडा जितका मोठा तितकी शेवटी तापमानवाढ जास्त), अतिरंजित आहे. खरं काय मानायचं?

उत्तर: दोन्ही विधानं आपापल्या वेळची आहेत. २००० नंतर उत्सर्जन वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी वाढत होतं, त्या काळच्या सर्वांत इंधनखाऊ परिदृश्यापेक्षाही जोरात. पुढच्या दशकात वाढ १ टक्क्याच्या आसपास उतरली. २०१९ मध्ये जीवाश्म इंधनांमधून सुमारे ३७ अब्ज टन बाहेर पडले, २०२० मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास घट झाली आणि मग गाडी पुन्हा तिथेच.

प्रत्यक्ष उत्सर्जन आणि ही परिदृश्यं एकत्र दाखवणारा आलेख मी एकदा स्वतः काढायला बसले. प्रत्यक्ष उत्सर्जनाची रेषा सगळ्या परिदृश्यांच्या वर, कागदाबाहेर! दोन दिवस हादरले होते. मग लक्षात आलं, परिदृश्यांचे आकडे नुसत्या कार्बनचे होते आणि माझे कार्बन डायऑक्साइडचे. परिदृश्यांचे आकडे ३.६७ ने गुणल्यावर रेषा मुकाट्याने रांगेत आली. तुम्ही काढणार असाल तर आधी एकक बघा.

पण रांगेत आली म्हणजे उत्तर मिळालं असंही नाही. २०२० च्या सुमाराला या रेषांचा नुसता गुंता आहे. आरसीपी ६ पुढे बराच वर जाणारा, पण त्या वर्षी तो चक्क सौम्य अशा २.६ च्या खाली आहे! तेव्हा ‘जवळची रेषा कुठली’ हे विचारण्यात हशील नाही. त्या रेषेला पुढे काय लागतं ते विचारा. ८.५ ला २१०० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज टनांच्या वर जायचं आहे, त्यासाठी कोळसा सुमारे पाचपट जाळावा लागेल. तसं होताना मला तरी दिसत नाही.

म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा का? उत्सर्जन सपाट झालं तरी हवेतला साठा चढतच राहतो. नळ तेवढाच चालू असला तरी बादली भरतेच. आरसीपी २.६ मध्ये २१०० साली हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२१ भाग धरलंय, तेही मधे त्याहून वर जाऊन परत उतरल्यावर. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेची २०२३ ची सरासरी ४२१ च आहे.