६ चे ३ झाले, मग भरलं काय?

दाढेचा पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली खाच) ६ मिमी खोल होता, खोल सफाईनंतर तीन महिन्यांनी ३ आला. डॉक्टर म्हणतात हिरडी छान बसली, पण एक्स-रेत हाड होतं तिथंच आहे. मग भरून आलं ते काय, आणि मेम्ब्रेनचं, म्हणजे हिरडीखाली पातळ पडदा बसवायचं, ऑपरेशन करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. हिरड्यांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडी निराशा. ६ चे ३ झाले त्यातला काही भाग नुसत्या मोजण्यातला आहे. सुजलेली हिरडी लोण्यासारखी असते. प्रोबचं, म्हणजे खोली मोजायच्या बारीक सळईचं, टोक पॉकेटच्या तळाशी थांबत नाही, तळ भोसकून आत जातं. सूज उतरून कोलॅजेनचे धागे भरले की तेवढ्याच दाबाला ते आधीच अडतं. आणखी काही भाग हिरडी आक्रसल्याचा. दाढ लांब दिसायला लागली असेल, गार पाणी झोंबत असेल, तर ते त्यामुळेच.

उरलं ते खरं भरणं. कीटण निघालेल्या मुळाकडे चौघांच्या पेशी धाव घेतात: हिरडीचं अस्तर, त्याखालची ऊती, हाड, आणि मुळाला हाडाशी बांधणारं लिगामेंट. जी आधी पोचेल तिच्यावर जोडणी कसली होणार ते ठरतं, असं संशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडलं. अस्तर दिवसाला अर्धा ते एक मिमी सरकतं, म्हणून बहुतेक वेळा तेच जिंकतं. तुमच्याकडेही बहुधा तेच झालंय. अस्तर मुळाला चिकटलंय, पण मुळात रुतलेले धागे त्यात नाहीत. तरी ही जोडणी कमअस्सल समजू नका, स्वच्छ ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते.

मूळची जोडणी हवी तर लिगामेंटच्या पेशी लागतात. मुळावर नवं सिमेंटम (मुळाचा कठीण बाहेरचा थर) घालून त्यात धागे रोवणं त्यांनाच जमतं. आणि लिगामेंट असतं जेमतेम पाव मिमी जाड! हाडाच्या पेशी पुढे गेल्या तर मूळ हाडाला थेट जखडतं किंवा झिजायला लागतं. म्हणून अस्तराची वाटच अडवायची ही युक्ती. स्वीडनमध्ये निमन आणि सहकाऱ्यांनी काढायचाच असलेल्या खालच्या पुढच्या दातावर चक्क मिलिपोर कंपनीचा गाळणकागद बसवला, तीन महिन्यांनी दात काढून पाहिला, तर मुळावर धाग्यांसकट नवं सिमेंटम. १९८२ ची गोष्ट. आजची मेम्ब्रेन ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती, बरीचशी आपोआप विरघळणारी.

पण ती उपयोगी पडते कुठे? हाडात अरुंद, खोल खड्डा असेल आणि तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असतील तिथे. हाड सगळीकडून सपाट उतरलं असेल तर मेम्ब्रेनला आधारच नाही. आणि ३ मिमीच्या पॉकेटवर मी तरी कुणाला टेबलावर घेणार नाही. मिशरी किंवा सिगारेट असेल तर आधी ती सोडा, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

पुढच्या तपासणीला आकडा विचाराच, पण प्रोब बाहेर काढल्यावर रक्त आलं का, हेही विचारा; सूज उरली आहे का ते त्यावरून कळतं.