छातीतला गोळा, पेटका की झटका?

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलंय: वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर 'कोरोनरी आर्टरी स्पाझम' लिहिलंय, घरात मात्र सगळे 'झटका आला' म्हणतात. मराठीत नेमकं काय म्हणावं?

मी 'पेटका' म्हणेन. 'स्पाझम'च्या मुळाशी ओढण्याचा अर्थ असलेलं ग्रीक क्रियापद आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत स्नायू असतो. तो एकाएकी आवळतो, रक्ताची वाट अरुंद होते, कधी पार बंद होते, आणि काही मिनिटांनी सैल पडतो. रात्री पोटरीत येतो, तो पेटका असाच. 'आकुंचन' मला अपुरं वाटतं, कारण निरोगी रोहिणीही थोडीफार आकुंचन पावतच असते. 'झटका' वेगळा: त्यात रक्ताअभावी हृदयाचा स्नायू मरू लागतो. पेटका लांबला तर झटका येऊ शकतो, ठोक्यांची लयही बिघडू शकते, म्हणून त्याला किरकोळ समजू नये. आणि 'ब्लॉकेज' म्हणजे साचलेला थर. पेटका तो असताना येतो, तसा नसतानाही.

आता आपली खान्देशातली अहिराणी बोली. चोपड्याकडचे आमचे एक आबा पहाटे चारच्या सुमाराला झोपेतून उठून बसले, मूठ छातीवर दाबून म्हणाले, "छातीमा गोया उना रे भो." (छातीत गोळा आला रे भाऊ.) दहा मिनिटांत उतरलं. दिवसभर केळीच्या बागेत राबले, काही झालं नाही. घरच्यांनी कित्येक महिने 'गॅस' म्हटलं. या 'गॅस' शब्दावर माझा खरा राग आहे. तो ऐकला की पुढचं कुणी विचारतच नाही. बसल्याजागी, रात्री किंवा पहाटे येणारं हे दुखणं अमेरिकन डॉक्टर मायरन प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्ये वर्णिलं, ते आबांच्या 'गोया'शी तंतोतंत जुळतं. (आबांची बिडी होती. धूम्रपान हे या पेटक्याचं मोठं कारण.)

मग 'गोळा'च का नको? प्रमाण मराठीत 'पोटात गोळा येणे' म्हणजे भीती वाटणे, त्यामुळे लिहिताना घोटाळा होतो. घरात बोलताना 'गोया' खुशाल म्हणा.

दुखत असताना काढलेल्या ईसीजीत हा पेटका पकडता येतो, उतरल्यावर पुष्कळदा सगळं नीट दिसतं. तेव्हा वडिलांनी त्या वेळी जो शब्द उच्चारला, तो आणि घड्याळातली वेळ, दोन्ही डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.