आकाशातून पडलेली स्त्री

प्रश्न : भूमीला माता मानणाऱ्या समाजांत स्त्रियांना खरोखर अधिकार होते का?

उत्तर : केवळ देवीपूजेवरून ते सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. उत्तर अमेरिकेतील इरोक्वाय लोकांत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. त्यांच्या कथेत आकाशातून पडणाऱ्या स्त्रीसाठी जलचर तळाची माती आणून कासवाच्या पाठीवर ठेवतात आणि त्या मातीचीच भूमी होते. काही कथनांत तिच्या मुलीच्या पुरलेल्या देहातून मका, घेवडा आणि भोपळा उगवतात. ही पिके स्त्रियाच काढत, धान्यसाठा त्यांच्याच ताब्यात असे, कूळ आईकडून चाले आणि कुळातील ज्येष्ठ स्त्री प्रमुखाची निवड करी, तो कर्तव्याला चुकल्यास त्याला पदावरून दूरही करी.