आई दिवसभर दुसऱ्या पेशंटशीच बोलत असते

"मॅडम, तुम्ही तरी सांगा ना आईला, स्वतःचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर आणि ही बाई दिवसभर फोनवर दुसऱ्यांना धीर देत बसते." ओपीडीत मला हे कधी मुलगी म्हणते, कधी नवरा, पण तक्रार हीच. म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू रिटायर्ड शिक्षिका. सिगारेट सोडा, कधी मिसरीसुद्धा लावली नाही. खोकला थांबेना म्हणून आधी टीबी समजून चार महिने गोळ्या झाल्या, मग छातीत पाणी झालं, ते काढून तपासलं तेव्हा कळलं फुफ्फुसाचा कॅन्सर. "ओढायचात का?" हे इतक्या जणांनी विचारलं की शेवटी त्या म्हणायला लागल्या, हो, फळ्यामागे उभी राहून! तपासणीत ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या एका जनुकातला बदल, निघालं म्हणून केमोऐवजी रोजची एक गोळी सुरू झाली, पुरळ, जुलाब, नखुरडं सगळं झालं पण काकू हिंडत्याफिरत्या राहिल्या, आणि मग ओपीडीच्या बाकावर जो भेटेल त्याच्या मागेच लागल्या. म्युटेशनचा रिपोर्ट आला का, फाईल तारखेने लावा, उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला कॅन्सर पेशंटचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला 75 टक्के सूट, सवलतीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही घ्या, राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विचारून बघा. नंतर या सगळ्यांचे फोन घरी यायला लागले.

मी पण खरं तर 'विश्रांती घ्या'वालाच सल्ला मनात तयार ठेवून बसले होते. पण मुलगी मधेच रडायला लागली. म्हणाली, काल रात्री नाशिकच्या कुणा काकांना आई सांगत होती की दम लागला की मलाही भीती वाटते, मग मी छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरते, तुम्हीही धरा. "मला तर माहीतच नाही मॅडम, उशीखाली पंखा असतो ते."

काकू खाली बघून म्हणाल्या, "हिला सांगितलं तर ही रात्रभर जागून माझे श्वास मोजेल. ते काका ऐकतात आणि फोन ठेवून झोपतात."

म्हणजे भांडण फोनचं नव्हतंच. तेव्हा फोन बंद करू नका, पण पेशंट दुसऱ्यांसाठी स्वतःचं जेवण, झोप, फॉलोअप चुकवायला लागला तर मात्र बोला. काकूंशी आम्ही ठरवलं, फोन 4 ते 6 एवढेच, कुणाला डोस कमीजास्त करायला सांगायचं नाही, ओळखीतलं कुणी गेलं तर त्या दिवशी फोन नाही. आणि दम लागला तर आधी मुलीला सांगायचं. यावर त्या बऱ्याच अडल्या. पण दम नव्याने वाढला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावंच लागतं, कधी पाणी परत भरतं, क्वचित त्या गोळीनेही फुफ्फुसाला सूज येते, हे ऐकल्यावर तयार झाल्या. मुलीनेही कबूल केलं की ऐकून घेईन, लगेच रडणार नाही. (रडलीच म्हणे पहिल्यांदा.)

परवा तिचा फोन, चार्जिंगचा छोटा पंखा कुठला चांगला? दोन घ्यायचेत. दुसरा नाशिकला पाठवायचाय, आईची ऑर्डर आहे.