सहायक प्रशिक्षकाला महत्त्वाकांक्षा असावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की, फुटबॉल क्लबने सहायक प्रशिक्षक नेमताना पुढे मुख्य प्रशिक्षक होण्याची ईर्षा असलेला माणूस घ्यावा, की दुसऱ्या क्रमांकावर कायम समाधानी राहील असा घ्यावा. मी काही वर्षे एका क्लबच्या कुमार संघाचा सहायक प्रशिक्षक होतो आणि नंतर मुख्य प्रशिक्षकही झालो, त्यामुळे या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची वेळ माझ्यावर आली आहे. माझे मत असे की महत्त्वाकांक्षा जरूर असावी, परंतु तिचा रोख कोणत्या खुर्चीवर आहे, हे आधी पाहावे. दुसऱ्या एखाद्या क्लबच्या मुख्य प्रशिक्षकपदावर नजर असलेला सहायक सहसा झटून काम करतो. शेजारच्याच खुर्चीवर डोळा असलेला सहायक मात्र कितीही हुशार असला तरी संघाला महागात पडतो.

हे समजण्यासाठी सहायकाच्या कामाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. सरावाची आखणी, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, कॉर्नर आणि फ्री किकच्या रचना, संघाबाहेर राहिलेल्या खेळाडूंची मनःस्थिती सांभाळणे, अशी बरीचशी कामे त्याच्याकडे असतात. पण संघनिवडीचा शेवटचा शब्द त्याचा नसतो. त्याची सूचना यशस्वी झाली तर श्रेय मुख्य प्रशिक्षकाला जाते, आणि मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली की बहुतेक वेळा सहायकालाही सामान आवरावे लागते. सत्ता नाही, श्रेय नाही आणि धोका मात्र अर्धाअधिक आपला, अशा जागी माणूस कशाच्या बळावर मन लावून काम करील, हा खरा प्रश्न आहे.

एक प्रसंग सांगतो. सामन्याच्या दिवशी सकाळी संघाची यादी फलकावर लागली होती आणि मी मैदानात वॉर्मअपसाठी प्लास्टिकचे शंकू मांडत होतो. यादीत नाव नसलेला एक खेळाडू नडगीवर बांधायचे शिन गार्ड हातात घेऊन माझ्याजवळ आला. मुख्य प्रशिक्षकाकडे तो गेला नाही; वगळलेला खेळाडू सहसा जात नाही, तो सहायकाकडे येतो. त्याने विचारले, "सर, माझं काय चुकलं?" मी त्याला म्हणालो, "माझ्या हातात असतं तर तुला खेळवलं असतं." त्या क्षणी मला वाटले की मी त्याला धीर दिला. प्रत्यक्षात मी त्याला एवढेच सांगितले होते की या संघात दोन मते आहेत आणि त्यांतले शहाणे मत माझे आहे. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या संघात फिरले. मुख्य प्रशिक्षक मला एका शब्दानेही बोलले नाहीत; फक्त पुढच्या सामन्याची निवड त्यांनी माझ्याशिवाय केली. महत्त्वाकांक्षा चुकीच्या दिशेने वळली की ती अशी दिसते. ती कारस्थानाच्या रूपात क्वचितच येते. बहुतेकदा ती सहानुभूतीचा वेष घेऊन येते, म्हणून ती लवकर ओळखू येत नाही.

आता मोठ्या क्लबांकडे पाहू. लिव्हरपूलचे बॉब पेस्ली १९३९ मध्ये खेळाडू म्हणून त्या क्लबात आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहून मुख्य प्रशिक्षक बिल शँक्लींच्या हाताखाली मुरले. १९७४ मध्ये शँक्लींनी पद सोडले तेव्हा पेस्ली ती जबाबदारी घ्यायला राजी नव्हते. तरीही पुढच्या नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग विजेतेपदे आणि १९७७, १९७८ व १९८१ चे युरोपियन कप जिंकले. त्यांच्यानंतर क्लबच्या त्याच 'बूट रूम'मधले, म्हणजे सहायक प्रशिक्षक जिथे बसून चर्चा करत त्या खोलीतले, जो फेगन ६२ व्या वर्षी लिव्हरपूलचे प्रमुख झाले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी लीग, लीग कप आणि युरोपियन कप अशा तीन स्पर्धा जिंकून दाखवल्या. ईर्षा नसलेला सहायक कुचकामी असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. मात्र यावरून 'महत्त्वाकांक्षा नसलेलीच बरी' असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल, कारण त्या खोलीत बसणाऱ्यांना खुर्चीची हाव नसली तरी सामने जिंकण्याची भूक प्रचंड होती. आपण महत्त्वाकांक्षा हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ब्रायन किड यांचे उदाहरण मला नेहमी विचारात पाडते. १९९१ पासून ते मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन यांचे सहायक होते. डिसेंबर १९९८ मध्ये ते ब्लॅकबर्नचे प्रमुख झाले. पुढच्या मे महिन्यात ब्लॅकबर्नची खालच्या विभागात घसरण निश्चित झाली ती नेमकी युनायटेडविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीने, आणि त्याच महिन्यात युनायटेडने तीन विजेतेपदे मिळवली, तेव्हा किड यांच्या जागी स्टीव्ह मॅक्लारेन बसले होते. वर्षअखेरीच्या आत किड यांचे ब्लॅकबर्नमधले पदही गेले. परंतु २००९ पासून त्यांनी मँचेस्टर सिटीत मान्चिनी, पेलेग्रिनी आणि ग्वार्डिओला अशा तीन अगदी भिन्न स्वभावांच्या प्रशिक्षकांबरोबर सहायक म्हणून काम केले. या माणसाला अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सहायकपण हा मुख्य पदाकडे जाणाऱ्या जिन्याची केवळ एक पायरी असते असे मानले, तर अशा माणसांचे मोल कळतच नाही.

हेच ब्रायन क्लफ यांचे सहायक पीटर टेलर यांच्याबद्दल. डर्बी काउंटी आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दोन्ही क्लबांना क्लफ यांनी लीग जिंकून दिली ती टेलर सोबत असताना, आणि फॉरेस्टने १९७९ व १९८० चे युरोपियन कपही याच जोडीच्या काळात पटकावले. मधल्या काळात क्लफ एकटेच लीड्सला गेले, ते ४४ दिवसांत बाहेर पडले. टेलर यांनीही स्वतंत्रपणे संघ सांभाळले, पण ती उंची त्यांना गाठता आली नाही. खेळाडू पारखण्याची टेलर यांची नजर आणि खेळाडूंकडून काम करून घेण्याची क्लफ यांची हातोटी, यांतले एकही दुसऱ्याशिवाय पुरे पडले नाही.

उलट बाजूचे ठळक उदाहरण म्हणजे मिकेल आर्टेटा. २०१६ मध्ये खेळणे थांबवून ते ग्वार्डिओला यांचे सहायक झाले, आणि त्यांना एक दिवस स्वतःचा संघ हवा आहे हे कोणापासूनही लपलेले नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये ते आर्सेनलला गेले आणि जुलै २०२० मध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्यांच्या संघाने सिटीलाच २-० असे हरवून पुढे तो कपही जिंकला. असा सहायक बाळगायला मुख्य प्रशिक्षकाला स्वतःच्या खुर्चीची धास्ती नसावी लागते. फर्ग्युसन रोजचा सराव बराचसा सहायकांच्या हाती देत आणि स्वतः बाजूला उभे राहून पाहत. ज्याला खरे काम मिळते, त्याची महत्त्वाकांक्षा त्या कामात खर्च होते. ज्याला फक्त शिट्टी फुंकण्यापुरते आणि बिब्स (सरावात संघ ओळखण्यासाठी घालायची रंगीत बनियने) वाटण्यापुरते ठेवले जाते, त्याची ती कुजबुजीत खर्च होते. म्हणून सहायकाच्या ईर्षेचा दोष पुष्कळदा त्याच्यापेक्षा त्याच्या वरिष्ठाकडे अधिक जातो, असे मी स्वतः वरिष्ठ झाल्यावर शिकलो.

अजिबात महत्त्वाकांक्षा नसण्याचा धोकाही सांगायला हवा. असा सहायक हळूहळू होयबा होतो. नोकरी टिकली म्हणजे पुरे, असे वाटू लागले की मध्यंतरात 'आपला डावा बचावपटू उघडा पडतो आहे' हे सांगण्याचे तो टाळतो, कारण ती निवड मुख्य प्रशिक्षकाची लाडकी असते. पंधरा मिनिटांच्या त्या विश्रांतीत नको असलेली गोष्ट तोंडावर सांगणारा एक माणूस खोलीत असावा लागतो.

शेवटी क्लबच्या बाजूने एक गोष्ट. हंगामाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षकाला काढून सहायकाच्या हाती संघ देणे ही रूढ पद्धत आहे, आणि ती कधीकधी विलक्षण यशस्वीही होते: चेल्सीत २०१२ मध्ये रोबर्टो डी मॅटेओ आणि बायर्न म्युनिकमध्ये २०१९ मध्ये हान्सी फ्लिक असेच पुढे आले आणि दोघांनीही त्याच हंगामात चॅम्पियन्स लीग जिंकली. परंतु 'वेळ आली तर तुमचाच विचार होईल' असे क्लबने सहायकाला आधीच कानात सांगून ठेवले, तर प्रत्येक पराभवात त्याचा थोडा फायदा असतो, आणि हे ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांना कळते. ती चूक सहायकाची नसून क्लबची असते.

निवड तुमच्या हाती असेल तर मुलाखतीत 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?' हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर सगळे पाठ करून येतात. त्याऐवजी, आधीच्या मुख्य प्रशिक्षकाशी तुमचा सर्वांत मोठा मतभेद कोणता झाला आणि तो खेळाडूंपर्यंत पोहोचला होता का, एवढे विचारा. मतभेद झालाच नाही असे सांगणाऱ्याला आणि मतभेदाची हकीकत रंगवून सांगणाऱ्याला, दोघांनाही मी घेणार नाही.