मैत्रिणीच्या गुडघ्याला लागलं आणि तिची जागा मला मिळाली, आता काय करू?

पत्र:
ताई, मी अकरावी सायन्सला आहे. दोन वर्षं बास्केटबॉल टीममध्ये आहे पण सब म्हणूनच, मॅचमध्ये पाच-सहा मिनिटं मिळाली तर मिळाली. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी, माझी जवळची मैत्रीण आहे. जिल्ह्याच्या फायनलला लेअप मारून खाली येताना तिचा गुडघा वळला, एसीएल म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. सर म्हणतात विभागीयला तू स्टार्ट करायचंस, म्हणजे पहिल्या पाचात उतरायचंस. मला आनंद झाला आणि आनंद झाला याचंच वाईट वाटतंय. तिच्याएवढे पॉइंट मी कधीच मारू शकत नाही, आणि समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे आमच्याच हाफमध्ये अंगावर येऊन अडवलं, की माझ्या हातून बॉल जातो. पप्पा म्हणतात दोन महिन्यांत ती परत येईल, तू परत बेंचवर, त्यापेक्षा क्लासकडे बघ. बास्केटबॉलमध्ये करिअर आहे का? नाव देऊ नका प्लीज.

उत्तर:
आधी ते वाईट वाटण्याचं बोलू, कारण तेच डोक्यात असेल तर बाकीचं काही आत जाणार नाही. दोन वर्षं तू रोज प्रॅक्टिसला येतेयस ती खेळायला मिळावं म्हणूनच ना, मग मिळाल्यावर आनंद होणारच, त्यात मैत्रिणीचं वाईट चिंतणं कुठे आलं? तू खेळायला नाही म्हणालीस तर तिचा गुडघा लवकर बरा होणार नाहीये, उलट तिने उभी केलेली टीम विभागीयला एक गार्ड कमी घेऊन जाईल. ऑपरेशनच्या आधी तिला भेटायला जा, पण माफी मागत बसू नकोस, तिला खेळातलं विचार, कुठल्या टीम प्रेस लावतात, कुणाची कुठली गार्ड हात लवकर घालते. तिला हे सगळं माहितीये आणि कुणी विचारलं तर तिलाही बरं वाटेल, आपण टीममधून गेलो नाही असं वाटेल.

दुसरं, दोन महिन्यांचा हिशोब पप्पांचा चुकतोय. एसीएलचं ऑपरेशन झालेली मुलगी दोन महिन्यांत मॅच खेळत नाही गं, साधारण नऊ महिने तरी धरायचे, काहींना वर्ष लागतं, आणि नऊ महिन्यांच्या आत घाईने कोर्टवर उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. म्हणजे हा अख्खा सीझन टीमला तुझी गरज आहे. आणि तिला कुणी “लवकर ये गं, तुझ्याशिवाय अडलंय” म्हणत असेल तर ते तू थांबवायचं, हे मी मनापासून सांगते.

आता “तिच्यासारखं जमत नाही” हे. तुला एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स म्हणून टीम आहे, स्टेफ करीची. तिथे डेव्हिड ली हा स्टार्टर होता, पॉइंट काढणारा, २०१३ ला ऑल-स्टार झालेला. २०१४ चा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर त्याचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावला आणि जागा मिळाली ड्रेमंड ग्रीनला, जो २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पार दुसऱ्या फेरीत, ३५ व्या नंबरला घेतलेला. ग्रीन काही लीसारखा स्कोअरर नव्हता आणि त्याने तसं व्हायचा प्रयत्नही केला नाही. तो डिफेन्समध्ये स्वतःपेक्षा उंच माणसांनाही अडवायचा, ओरडून ओरडून सगळ्यांना जागेवर ठेवायचा, हुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेऊन स्वतःच बॉल पुढे न्यायचा आणि पास द्यायचा. टीमच वेगळी खेळायला लागली. ८२ पैकी ६७ मॅच जिंकल्या आणि ४० वर्षांनी चॅम्पियन झाले. ली बरा होऊन आला तेव्हा कोच स्टीव्ह करने जुनी टीम परत लावली नाही. पण लीचं काय झालं तेही ऐक, तो रुसून बसला नाही, फायनलच्या तिसऱ्या मॅचला बेंचवरून उतरला आणि हरत्या मॅचमध्ये जीव आणला, मॅच गेली पण टीमला एक रस्ता दिसला.

म्हणून मैत्रिणीचे वीस पॉइंट तू काढायचे नाहीत. ते बाकी चौघींत वाटले जातील, नाहीतर सर दुसरं काहीतरी करतील, ते त्यांचं काम. तुझं काम काय ते सरांना समोर बसून विचार, “सर मी नीट करू” एवढ्यावर उठू नकोस. विचार की मला साधारण किती मिनिटं ठेवणार, सुरुवातीला कुठल्या दोन-तीन मूव्ह खेळायच्या, माझ्यावर डबल आलं, दोघी एकदम अंगावर आल्या, तर बॉल कुणाकडे द्यायचा, मला फाउल लागले तर बॉल कोण आणणार. एवढं स्पष्ट झालं की निम्मी भीती तिथेच जाते.

आणि प्रेसचं. जेरेमी लिन हे नाव ऐकलंयस का? हार्वर्डचा मुलगा, २०१० ला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नाही, २०११ च्या डिसेंबरमध्ये दोन टीमनी काढून टाकला. न्यूयॉर्क निक्सच्या गार्डला लागलं, दुसरा पाठीच्या दुखण्याने बाहेर, म्हणून त्यांनी याला घेतला आणि तरी बेंचवरच बसवला. मधे खालच्या लीगमध्ये पाठवला, तर तिथे जाऊन त्याने ट्रिपल-डबल मारलं, म्हणजे एकाच मॅचमध्ये तीन गोष्टींत दोन आकडी. मग २०१२ च्या ४ फेब्रुवारीला उतरवला तर २५ पॉइंट, सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध ३८. एवढी गोष्ट सगळे सांगतात. मला तुला त्याच्या पुढचं सांगायचंय. त्याच महिन्यात मायामी हीटने त्याच्यावर पूर्ण कोर्ट प्रेस लावला, बॉल हातात आला की दोघं अंगावर, आणि त्याचा ११ पैकी एकच शॉट बास्केटमध्ये गेला, ८ टर्नओव्हर झाले, म्हणजे आठदा बॉल समोरच्यांना गेला. सगळ्या जगासमोर. तुझ्यापेक्षा वाईट दिवस बघ. आणि पुढच्या मॅचला क्लीव्हलँडविरुद्ध त्याच लिनने १३ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, दिले.

प्रेसमध्ये बॉल का जातो ते तुझं तूच बघ, मोबाइलवर रेकॉर्ड करून. बहुतेक वेळा काय होतं, इनबाउंड पास (रेषेबाहेरून आत टाकलेला) घेतला की मान खाली, ड्रिबल साइडलाइनकडे, तिथे दुसरी मुलगी येऊन उभी, रेषा हीच तिसरी डिफेंडर, मग घाईत वरून पास आणि तो कापला जातो. आठ सेकंद असतात हाफ लाइन ओलांडायला, ते वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. बॉल घेतला की आधी वळून पूर्ण कोर्ट बघायचं आणि मगच ड्रिबल. मधल्या सर्कलला तुमची सेंटर धावत आली पाहिजे आणि जिने इनबाउंड केला ती मागे थोडी तिरकी थांबली पाहिजे, म्हणजे पुढे एक, मागे एक असे दोन पास कायम उघडे. हे एकटीने नाही जमत, सरांना सांग रोज शेवटची पंधरा मिनिटं माझ्यावर दोन नाही तीन जणी सोडा.

अजून एक, आणि हे हलक्यात घेऊ नकोस. पाच मिनिटांवरून एकदम तीस मिनिटांवर जाणार आहेस. तिसऱ्या क्वार्टरला पाय जड होतात आणि मग पास आखूड पडतात, उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात. मुलींमध्ये एसीएल जाण्याचं प्रमाण मुलांच्या कितीतरी पट आहे, तू डोळ्यांनी बघितलंच आहेस. आतापासून प्रॅक्टिस मॅचमध्ये मिनिटं हळूहळू वाढवत ने, वॉर्मअपमध्ये उडी मारून नीट उतरायची सवय कर, दोन्ही पायांवर, गुडघे वाकलेले आणि पंजांच्या रेषेत. झोप नीट घे. दुखलं तर लपवायचं नाही, स्टार्टिंग मिळालंय म्हणून तर अजिबातच नाही.

राहिलं करिअर. खरं सांगते, नुसतं बास्केटबॉल खेळून पोट भरेल अशी पक्की लीग आज आपल्याकडे नाही. चांगल्या खेळाडूंना आधार मिळतो तो नोकरीचा, रेल्वे, पोलीस, इन्कम टॅक्स वगैरे, आणि राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीवर टीमचा नंबर लागावा लागतो, नुसतं खेळल्याचं सर्टिफिकेट पुरत नाही. बारावीला ग्रेस मार्क मिळू शकतात, त्याचे नियम कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांकडून वेळेत समजून घे. पुढे डिग्रीला काही कॉलेजं स्पोर्ट्स कोट्यातून घेतात, तिथे ट्रायल असते. शिवाय सायन्स आहे तर फिजिओथेरपी, स्पोर्ट्स सायन्स हे रस्ते उघडे आहेत, कोचिंगचा डिप्लोमा पतियाळाच्या एनआयएसला होतो, तो पुढचा विषय. त्यामुळे सायन्स सोडायचं नाही आणि हा सीझनही सोडायचा नाही, अकरावीचं वर्ष आहे, आत्ता नाही खेळणार तर बारावीला खेळणारेस का? लिनचंही बघ, मार्चअखेर त्याचाच गुडघा गेला आणि तो सीझन तिथेच संपला, म्हणून एका स्पर्धेवर आयुष्याचा निर्णय घ्यायचा नाही, ना खेळायचा ना सोडायचा.

पप्पांशी भांडू नकोस. प्रॅक्टिसच्या वेळा, स्पर्धेच्या तारखा आणि क्लासच्या टेस्ट एकाच कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. कुठली टेस्ट बुडते आणि ती कधी देणार हे क्लासच्या सरांशी आधीच बोलून ठेव, मग पप्पांना नाही म्हणायला फारसं काही उरत नाही. जमलं तर त्यांना एका मॅचला घेऊन जा आणि पूर्ण मॅचचं शूटिंग त्यांनाच करायला सांग, नुसत्या बास्केटचं नाही, चारही क्वार्टरचं. कॉलेज ट्रायलच्या वेळी ते लागेल आणि प्रेसमध्ये मान खाली जातेय का तेही त्यातच दिसेल.