मलेरियाचा जागतिक निधी देशादेशांत न्यायाने वाटला जातो का?

तुमचं म्हणणं असं, की मलेरियासाठी ग्लोबल फंडाकडून (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाशी लढायला देशांना पैसा देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सर्वांत मोठी रक्कम नायजेरियाला जाते, मग तिच्यावर अन्याय कसला? माझ्या मते अन्याय होतोच. रकमेचा आकडा मोठा आहे खरा, पण दुखण्याच्या मानाने तो फार तोकडा पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये मलेरियाने जगात सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली. त्यातली जवळजवळ 31 टक्के एकट्या नायजेरियातली, आणि त्यांत बहुतांश पाच वर्षांखालची मुलं. ग्लोबल फंड वाटा ठरवतो तो रोगाचा भार आणि देशाचं दरडोई उत्पन्न बघून. इथवर ठीक आहे. पण त्यावर एक कमाल मर्यादाही असते: गेल्या काही वाटपांत कुठल्याही एका देशाला एका रोगाच्या निधीतला साधारण 10 टक्क्यांहून जास्त हिस्सा मिळालेला नाही. म्हणजे तीस टक्के मृत्यू आणि दहा टक्के पैसा!

याचा परिणाम घराघरात दिसतो. औषध लावलेली मच्छरदाणी तीनेक वर्षं टिकते. मग ती फाटते, औषधाचा जोर ओसरतो, आणि नवी आली नाही तर पुढच्या पावसाळ्यात पोरं उघडीच झोपतात. नायजेरियातल्या काही राज्यांना या कामासाठी बाहेरचा आधारच नव्हता. त्यांच्यासाठी सरकारला जागतिक बँकेचं कर्ज काढावं लागलं. शेजारच्या राज्यात मच्छरदाणी अनुदानातून आणि इथे कर्जातून, हे मला पटत नाही.

दरडोई उत्पन्नाचा निकषही फसवा आहे. सरासरीत महाराष्ट्र श्रीमंत, पण मलेरिया बघायचा तर गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात जावं लागतं. तिथे आशाताई बोटाला सुई टोचून किटवर रक्ताचा थेंब घेते, तेव्हा राज्याची सरासरी तिच्या काय कामाची? नायजेरियात तेलाच्या पैशाने सरासरी वर जाते, ताप मात्र उत्तरेतल्या गरीब खेड्यांत असतो.

मग कमी रुग्ण असलेल्या देशांचा निधी कापायचा का? अजिबात नाही. श्रीलंकेत 1963 मध्ये अवघे 17 रुग्ण उरले होते. फवारणी सैल पडली आणि त्या दशकाच्या अखेरीस रुग्ण पाच लाखांवर गेले. म्हणूनच फंडाने मलेरियाचा भार मोजताना 2000 ते 2004 चे जुने आकडे धरले, ते मला योग्य वाटतं. ज्याने रोग आटोक्यात आणला त्याला शिक्षा होत नाही.

मी बदलेन ती फक्त वरची मर्यादा, निदान मलेरियापुरती. आणि त्याच वेळी नायजेरियाच्या सरकारलाही जाब विचारेन. 2001 मध्ये त्यांच्याच राजधानीत, अबुजात, आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाचे 15 टक्के आरोग्यावर खर्चायचं वचन दिलं होतं. नायजेरिया त्याच्या जवळपासही पोचलेली नाही.